आष्टीचे स्वार, अंगठ्याएवढे

चिंचोळी एमआयडीसी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात येते. फेब्रुवारी 1818 मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले जिथे इंग्रजांशी लढता लढता पडले, ते आष्टीही याच तालुक्यातले. टेबलावर लढाई मांडायची तर इथल्या माणसाने वॉटर्लूच कशाला मांडावी?

स्वार मात्र घडवावे लागतात. 72 पटींनी लहान, म्हणजे उभा माणूस साधारण 24 मिलिमीटर, अशा प्लॅस्टिकच्या कॉसॅक स्वारांपासून सुरुवात करावी. हातात भाला, अंगात लांब डगला, खाली बेताचं घोडं; भीमथडी तट्टाला ते शोभतं. उंचापुरा युरोपीय घोडा इथे खोटा दिसतो.

आधी साबणाच्या पाण्याने धुवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग कटरने टोपी तासा. एमसीलचे दोन भाग एकरंगी होईपर्यंत मळा, बारीक वळी करा आणि ओल्या सुईने डोक्याभोवती तिरकी गुंडाळा, झालं पागोटं. पाठीवर ढाल हवीच. त्यासाठी लहान गोल टिकली चालते, घरात विचारून घ्यावी.

प्रायमरचा स्प्रे सकाळीच मारा. सोलापूरच्या उन्हात फवारा हवेतच सुकतो आणि अंगावर खरखर बसते.

रंगवताना खरा प्रश्न शिस्तीचा. ईस्ट इंडिया कंपनीचे स्वार सोपे: सगळ्यांचे डगले एका बैठकीत, मग सगळ्यांचे पट्टे. पण शिलेदार स्वतःचं घोडं, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा; त्याला गणवेश कुठला? म्हणून चार-पाच रंग काढून ठेवावेत आणि एकाचं पागोटं तांबडं तर दुसऱ्याचा शेला, असे फिरवत जावे. पांढऱ्या अंगरख्याला थेट पांढरा लावू नका. आधी मातकट करडा, तो वाळला की फक्त चुण्यांच्या उंचवट्यांवर मळका पांढरा. चेहऱ्यावर पातळ तपकिरी सोडला की तो खाचांत उतरतो आणि नाकडोळे आपोआप उठतात. बुबुळं काढायच्या फंदात पडू नये. हातभर अंतरावरून ती दिसत नाहीत, चुकली तर मात्र दिसतात.

शेवटी बिनचमकीचं व्हार्निश. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फेव्हिकॉल, त्यावर चाळलेली काळी माती. एका तुकड्यावर इंग्रजांचे तीन स्वार रिकिबीला रिकीब लावून बसवा. मराठ्यांचे दोनच, आणि तेही मागेपुढे.