निगेटिव्हचं घर

वर झायनवादी चळवळीचे प्रणेते हर्झल यांची तसबीर, खाली हातात कागद घेऊन उभे इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन. इस्रायलच्या स्थापनेचं हे दृश्य बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. १४ मे १९४८, शुक्रवार. तेल अवीवच्या रॉथ्सचाइल्ड बुलेव्हारवरच्या संग्रहालयात समारंभ अर्ध्या तासात उरकला. तिथले अधिकृत छायाचित्रकार होते रूडी वायसेनस्टाइन. १९३६मध्ये ते चेकोस्लोव्हाकियातून आले आणि १९४०मध्ये पत्नी मिरियमसह ॲलनबी रस्त्यावर त्यांनी ‘प्री-ओर’ हे फोटोचं दुकान थाटलं.

दुकानाचा इतिहास एवढा पुरे. मी अडकलो मिरियमबाईंपाशी. १९९२मध्ये रूडी गेले, तेव्हा त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि मागे होत्या सुमारे दहा लाख निगेटिव्ह. नव्या वसाहती, कारखाने, वाद्यवृंद, जहाजातून उतरणारी माणसं. तामार ताल यांच्या २०११च्या माहितीपटात नव्वदी ओलांडलेल्या बाई दिसतात. नातू बेनशी त्यांचे खटके उडतात, आणि तरी दोघं मिळून दुकान चालवतात. इमारत पाडायची ठरली, तेव्हा या दोघांनी दुकान वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं. अखेर ते दुसऱ्या रस्त्यावर हलवावं लागलं. बाई २०११मध्येच गेल्या, वयाच्या ९८व्या वर्षी.

हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो, कारण निगेटिव्ह ही नाजूक चीज आहे. उष्ण, दमट हवेत ॲसिटेटची फिल्म आंबते, व्हिनेगरसारखा वास सोडते, आक्रसते आणि वरचा थर सुरकुततो. एका डब्यातली बिघडली की तिच्या वाफेने शेजारच्याही बिघडू लागतात. शिवाय तारीख आणि ठिकाण लिहिलेलं नसेल, तर धडधाकट निगेटिव्हही मुकीच. तिला रोज कुणीतरी लागतं. त्याआधी लागतं छप्पर.

आणि छपराचाच प्रश्न निघाला की १९४८चं दुसरं टोक समोर येतं. जेरुसलेममध्ये जाफा रस्त्यावर खलील राद यांचा स्टुडिओ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते पॅलेस्टाइनमधली गावं, बाजार, शेतकरी टिपत होते. १९४८च्या युद्धात तो स्टुडिओ गेला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह एका तरुण इटालियन मित्राने रात्री सीमेपलीकडे शिरून बाहेर काढल्या, असं सांगतात. पुढे त्या पॅलेस्टाइन अभ्यास संस्थेकडे, बैरुतला पोहोचल्या. खलील रसास या पॅलेस्टिनी वृत्तछायाचित्रकाराच्या कामाला असा मित्र लाभला नाही. त्यांची छायाचित्रं जप्त होऊन इस्रायली लष्कराच्या अभिलेखागारात गेली. छायाचित्रं कुणी काढली, कुठून आणली, हे तिथे झाकलेलंच राहिलं. इस्रायली संशोधक रोना सेला यांनी त्या अभिलेखागाराशी वर्षानुवर्षं कायदेशीर झगडा केला, तेव्हा कुठे अशा संग्रहांची दारं थोडी किलकिली झाली. २०१७मध्ये त्यांनी अशा लुटलेल्या पॅलेस्टिनी संग्रहांवर चित्रपटही केला.

मिरियमबाईंसारखी जिद्द रसास यांच्या घरातही असू शकली असती. पण जी जपायची, ती छायाचित्रंच जप्त झाली होती.