दर जूनला नवा संपादक

विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राला अनुभवी माणूस मिळतो तो जेमतेम एका वर्षासाठी. पहिल्या वर्षाची मुलं अंक वाटतात, दुसऱ्या वर्षाची बातम्या आणतात, तिसऱ्या वर्षाची पानं लावतात. पान लावण्यात हात बसतो न बसतो तोच परीक्षा येतात आणि ती निघून जातात. नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयाचा चार पानी मासिक अंक तयार होताना मी जवळून पाहिला, तेव्हा मला सर्वांत जास्त हेच जाणवलं.

बातम्या मोबाइलवर टाइप होऊन येतात. पानं मात्र संगणक कक्षातल्या जुन्या सॉफ्टवेअरवर लागतात. त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून मजकूर आधी श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये बदलावा लागतो. या बदलात अर्धा र हमखास निसटतो, त्यामुळे प्रूफ वाचणारी मुलगी 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' असेच शब्द आधी शोधते. तिला हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही, आदल्या वर्षीच्या ताईनं सांगितलं होतं. तुर्भ्याच्या छापखान्यात फाइल किती वाजेपर्यंत द्यायची, प्लेट बनल्यावर चूक दुरुस्त करणं किती महाग पडतं, पहिल्या पानावरचा फोटो छपाईत काळवंडू नये म्हणून आधीच किती उजळायचा, हेही असंच तोंडी चालत आलेलं. शेवटच्या पानाच्या तळाशी 'केवळ खासगी वितरणासाठी' ही ओळ असते. ती तिथे का आहे, हे मात्र दुसऱ्या वर्षाच्या मुलांपैकी कोणालाच सांगता येईना. सार्वजनिक बातम्या छापणाऱ्या नियतकालिकाला १८६७ च्या कायद्यानं नोंदणीची अट घातली होती. २०२४ च्या मार्चपासून त्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आहे. त्या नोंदणीपासून अंक बाजूला ठेवण्यासाठी घातलेली ही जुनी ओळ महाविद्यालयांच्या अंकांवर आजही दिसते.

विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून छापण्याची ही धडपड आपल्याकडे नवी नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही त्यातलीच मंडळी. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि तिथे स्वतः विनावेतन शिकवलं. सोसायटीच्या मराठी शाखेचं 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० मध्ये निघालं आणि १८६७ पर्यंत चाललं. त्याच्यामागे सभा होती, वर्गणी होती, निबंध वाचून त्यावर चर्चा करण्याची रीत होती. लिहिणारे बदलत गेले तरी मासिक टिकलं, ते यामुळे असं मला वाटतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अमळनेरचं उदाहरण. प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. ते स्वतःच्या हातानं लिहीत आणि मुलं ते वाचत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. १९३० मध्ये शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. त्या दैनिकाइतकी माया क्वचितच एखाद्या वृत्तपत्रानं आपल्या वाचकांवर केली असेल. पण एका हातावर उभं असलेलं काम तो हात गेला की पुढे कसं जाणार? अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचं 'क्रिमझन' १८७३ पासून निघतंय, तिथेही संपादक दर वर्षी बदलतो. पण त्यांच्याकडे स्वतःची इमारत आहे, स्वतःचा पैसा आहे आणि जुने अंक जपलेले आहेत.

इथे, नवी मुंबईतल्या या महाविद्यालयात, जुने अंक ग्रंथालयाच्या कपाटात, नाडीनं बांधलेल्या फायलींमध्ये आहेत. मधली काही वर्षं त्यात नाहीतच. तरी ती फाइल उघडली की काम कसं बदलतं, ते मी पाहिलं. उरण तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीनं जानेवारी १९८४ च्या आंदोलनावर लिहिलं होतं. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी संस्थेनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळाला, त्याच्यामागे हा लढा होता. मुलीनं सगळं आजीच्या तोंडून ऐकून लिहिलं होतं. संपादक मुलगी म्हणाली, "आजी राहू दे, पण नावं तू स्वतः जाऊन बघ." ती जासईच्या हुतात्मा स्मारकावर जाऊन नावं उतरवून आली. मग कोणीतरी जुनी फाइल काढली. त्यात याच विषयावर एका माजी विद्यार्थ्यानं लिहिलेला लेख निघाला, आणि त्यात गावातल्या ज्या माणसांची मुलाखत होती, त्यातले काही आता हयात नाहीत. नव्या लेखात त्या मुलाखतीचा उतारा चौकटीत गेला, खाली जुन्या अंकाचा महिना आणि वर्ष घालून.

माझ्या मते त्या अंकातलं सर्वांत मोलाचं काम ते होतं. मोठ्या दैनिकांना उरणची आठवण विमानतळाच्या बातमीपुरती येते. ज्या घरांतली जमीन गेली, त्याच घरांतली मुलं आज नेरूळ-वाशीच्या वर्गात बसतात, आणि त्यांच्या घरात अजून आठवणारी माणसं आहेत. ती बोलती आहेत तोवर लिहून घेणं या चार पानांना जमतं. म्हणूनच ही चार पानं दर जूनला पहिल्यापासून शिकत बसणं मला परवडणारं वाटत नाही.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जाण्याआधी एक वही लिहायला घेतली आहे. तिच्यात छापखान्याच्या वेळा आहेत, जाहिरात देणाऱ्या दुकानदारांची यादी आहे, फॉन्ट बदलताना तुटणारे शब्द आहेत. शेवटची काही पानं अपुऱ्या राहिलेल्या बातम्यांची आहेत: उपाहारगृहाच्या कंत्राटाची माहिती मागितली आहे, उत्तर आलेलं नाही, मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याबद्दल दोघींशी बोलणं झालं, तिसरीशी बाकी आहे, गाड्या खोळंबल्यानं परीक्षेला उशिरा पोचलेल्यांना वर्गात घेण्याचा नियम लेखी आहे का, तो पाहायचा. प्रत्येक नोंदीपुढे दुसऱ्या वर्षातल्या कोणाचं ना कोणाचं नाव लिहिलेलं आहे. पाण्याच्या बातमीपुढचं नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे, कारण ती बातमी तिघांनाही हवी होती.