अवजलावरची होडी

ताम्हिणी घाटाच्या वाटेवर मुळशीचा जलाशय बराच वेळ सोबत करतो. मग रस्ता कड्यावरून खाली झेपावतो आणि जलाशय मागे राहतो. पाणी मात्र मागे राहत नाही. डोंगराच्या पोटातून आणि नळांतून ते आपल्या आधीच सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात पोचलेले असते. पेल्टन चाकांवर आदळून वीज केली की त्याचे काम संपते. अशा सुटलेल्या पाण्याला सरकारी मराठीत ‘अवजल’ म्हणतात. भिऱ्याखाली हे अवजल अडवून त्यावर राज्याचे आणखी ८० मेगावॉटचे वीजघर चालते, आणि तिथून ते कुंडलिका नदीत येते. कोलाडला सकाळी कयाक घेऊन उतरणारा माणूस या दोनदा वापरलेल्या पाण्यावर तरंगत असतो.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पावसाचे चार महिने त्या दुथडी वाहतात, दिवाळीनंतर गुडघाभर होतात आणि होळीपर्यंत नुसते डोह उरतात. काळा कातळ पाणी फारसे साठवून ठेवत नाही. हिमालयात उन्हाळा चढला की बर्फ वितळते आणि अलकनंदा, गंगा फुगतात. आपल्या डोंगरांना तो आधार नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत फेसाळत्या पाण्यावर वल्हे मारायचे, तर कुंडलिकेइतकी खात्रीची नदी मला दुसरी ठाऊक नाही. तिचा हा बारमाहीपणा निसर्गाने दिलेला नाही. मुंबईला भिऱ्याची किती वीज हवी, त्यावर तो ठरत आला आहे.

सकाळी आम्ही काठावर थांबलो तेव्हा पात्रातल्या दगडांची डोकी उघडी होती. राफ्टवाले, कयाकवाले, चहाची किटली घेऊन फिरणारा मुलगा, सगळ्यांची नजर वरच्या वळणाकडे. पाणी आवाज करत येत नाही. आधी कडेचे गवत हलते, मग एकेक दगड बुडू लागतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत समोर वेगळीच नदी असते. मग सगळ्यांची लगबग सुरू होते, कारण पाणी सुटून थांबेपर्यंतच्या काही तासांतच सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा उरकायचा असतो.

माझा शिक्षक पंचविशीतला, जवळच्याच वाडीवरचा. या धंद्यातले जुने मार्गदर्शक बरेचसे नेपाळ आणि उत्तराखंडचे. त्यांच्या हाताखाली तो शिकला. “काका, लाटा बघू नका, पाण्यातला ‘व्ही’ बघा,” तो म्हणाला. “टोक खालच्या अंगाला असेल तर ती वाट. टोक आपल्याकडे वळलेलं असेल तर तिथं दगड आहे.” तेवढ्या एका वाक्याने मला नदी वाचता येऊ लागली. दोन दगडांमधून घुसणारे पाणी पुढे निमुळते होत जाते. बुडालेल्या दगडावर आपटणारे पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी फाकते. दगडाच्या आडोशाला पाणी उलटे फिरते. त्याला हे लोक ‘एडी’ म्हणतात आणि दम खायला तिथेच थांबतात.

कयाक आणि कॅनू यांत आपल्याकडे गल्लत होते. कॅनू उघडी असते. तीत बहुधा गुडघ्यांवर बसून एका पात्याच्या वल्ह्याने वल्हवतात. कयाक वरून बंद असते, तीत पाय पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. ही ध्रुवप्रदेशातल्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे, आणि माप ज्याची होडी त्याच्या अंगाचे. कोकणातली उलांडीची होडी बाजूच्या लाकडी दांडीमुळे कलंडत नाही. कयाकचा विचार याच्या अगदी उलटा: ती उलटणार हे धरूनच ती बांधलेली असते आणि उलटल्यावर सरळ कसे व्हायचे, ही विद्या तिच्यासोबत शिकवली जाते.

ती विद्या म्हणजे रोल. पाण्याखाली डोके लोंबत असताना वल्हे पृष्ठभागावरून फिरवायचे, कंबरेला झटका द्यायचा, आणि डोके सगळ्यात शेवटी वर आणायचे. जीव आधी डोके वर काढायला सांगतो, आणि तिथेच रोल फसतो. त्या दिवशी माझाही फसला. मुळशीच्या पाण्याचा गारवा कानांत शिरला, कयाकचे तोंड झाकणाऱ्या, कमरेभोवतीच्या स्कर्टची पट्टी ओढून मी बाहेर आलो आणि पोरगा बोटीचे नाक माझ्या हाताशी घेऊन आला. एदी हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने प्रवासवर्णने वाचून ही कला स्वतः शिकून घेतली. ती साधणारा तो पहिला युरोपीय मानला जातो. ते वर्ष १९२७, आणि भिऱ्याचे वीजघर सुरू झाले तेही त्याच वर्षी.

ते वीजघर उभे राहावे म्हणून मुळा नदी अडवली गेली आणि मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे उठली. १९२१च्या रामनवमीला तिथल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून ‘सेनापती’ झाले आणि त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे तुरुंग भोगला. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो इतिहास लिहिला, तो वाचताना सर्वांत खुपते ते हे की जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या; मोबदल्याकडे डोळे लावून बसलेला मालक वेगळा होता आणि चिखलात राबणारा वेगळा.

मुळा मूळची पूर्ववाहिनी. भीमा, कृष्णा करत तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळायचे. आज ते रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, अरबी समुद्राला मिळते. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, तहानलेल्या मुलखाला द्या, ही मागणी जुनी आहे आणि अधूनमधून उचल खाते. ती मान्य झाली तर कोलाडच्या पोरांच्या हातची वल्ही खाली येतील, रोह्यापर्यंतची गावे आणि कारखानेही पाण्याला मुकतील. तरीही मला ती मागणी रास्त वाटते. खालच्या लोकांसाठी आधी पर्याय उभा करा आणि मग द्या, पण द्या. पाण्यावरचा पहिला हक्क प्यायच्या आणि पेरायच्या पाण्याचा आहे, माझ्या छंदाचा नव्हे.

परतताना मी माझ्या शिक्षकाला विचारले, हे पाणी कुठून येतं? “भिऱ्याहून,” तो म्हणाला. त्याच्या आधी? त्याने घाटाच्या दिशेने हात केला. मी त्याला गावे उठल्याचे सांगितले. बोट डोक्यावर तोलून धरत त्याने सगळे ऐकून घेतले, आणि मग म्हणाला, “आमच्या आजीचं माहेर मुळशीकडचं. ती म्हणायची, आमची शेतं पाण्यात आहेत. मला वाटायचं, भाताची असतील.”

दुपारपर्यंत वरून पाणी थांबले होते. दगडांची डोकी पुन्हा वर आली होती, आणि प्रत्येकावर सकाळच्या पाण्याची ओली रेघ उन्हात आक्रसत चालली होती.