इंडोनेशियातील बालगुन्हेगार : कायद्याचे संरक्षण आणि कारो समाजाची परंपरा

अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास त्याला थेट खटल्याला सामोरे न नेता, पीडित आणि दोन्ही कुटुंबांना एकत्र बसवून तोडगा काढण्याचा प्रयत्न झालाच पाहिजे, असे इंडोनेशियाचा कायदा सांगतो. उत्तर सुमात्राच्या डोंगराळ भागातील कारो समाजाला अशी बैठक नवी नाही. मात्र बालकाच्या बाबतीत परंपरेने कोठवर जावे, याची सीमाही कायद्याने आखून दिली आहे.

कायद्यातील तरतुदी

इंडोनेशियाचा बाल फौजदारी न्यायविषयक कायदा २०१२ मध्ये मंजूर झाला आणि ३० जुलै २०१४ पासून लागू झाला. त्याने १९९७ च्या कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्यात आठ वर्षांच्या मुलावरही कारवाई होऊ शकत होती. घटनात्मक न्यायालयाने २०११ मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर नेली. आता बारा ते अठरा वर्षे वयोगटातील मुलांनाच हा कायदा लागू होतो. चौदा वर्षांखालील मुलाला शिक्षा देता येत नाही, केवळ सुधारणात्मक उपाय योजता येतात. मोठ्या मुलांनाही प्रौढाच्या कमाल कैदेच्या निम्म्याहून अधिक कैद होत नाही. ज्या गुन्ह्याला फाशी वा जन्मठेप आहे, त्यात ही मर्यादा दहा वर्षांची आहे.

कायद्याचा गाभा म्हणजे ‘दिव्हर्सी’, अर्थात प्रकरण खटल्याच्या वाटेवरून वळवण्याची प्रक्रिया. सात वर्षांपेक्षा कमी कैदेची तरतूद असलेला आणि पुनरावृत्ती नसलेला गुन्हा असेल, तर तपास, अभियोग आणि सुनावणी या तिन्ही टप्प्यांवर ती अनिवार्य आहे. साधी चोरी हे याचे सरळ उदाहरण. बैठकीत मूल, त्याचे पालक, पीडित, समुपदेशन अधिकारी आणि समाजसेवक सहभागी होतात. गरजेनुसार समाजातील व्यक्तींनाही बोलावता येते. भरपाई, पालकांकडे सुपूर्द करणे, प्रशिक्षण किंवा समाजसेवा असा तोडगा निघू शकतो. किरकोळ स्वरूपाची प्रकरणे वगळता त्यासाठी पीडिताची संमती आणि मुलाची व त्याच्या कुटुंबाची तयारी आवश्यक असते. समझोता झाला नाही किंवा पाळला गेला नाही, तर खटला पुढे चालतो.

कारो समाजातील ‘रुंग्गू’

कारो समाज गिंतिंग, कारो-कारो, पेरांगिन-आंगिन, सेंबिरिंग आणि तारिगान या पाच कुळांत विभागलेला आहे. लग्न असो वा तंटा, निर्णय ‘रुंग्गू’ या विचारविनिमयाच्या बैठकीत होतो. तीत तीन प्रकारचे आप्त असतात : स्वकुळातील मंडळी, ज्या कुळातून सून आली ते ‘कालिंबुबू’ आणि ज्या कुळात लेक दिली ते ‘अनाक बेरू’. कालिंबुबूंना ‘दिसणारा देव’ मानले जाते. मराठी लग्नघरात वरपक्षाला जो मान मिळतो, तो येथे वधूपक्षाकडे असतो. अनाक बेरूंकडे निरोप्याचे आणि मध्यस्थाचे काम असते.

याच समाजात ‘एर्पांगीर कू लाऊ’ हा शुद्धीकरणाचा विधी आहे. नदीकाठी वा झऱ्यावर लिंबाचा रस आणि इतर द्रव्यांनी केस धुऊन अरिष्टनिवारण, आरोग्य किंवा कृतज्ञतेसाठी तो केला जातो. बेरास्तागीजवळील लाऊ देबुक-देबुक येथील गरम पाण्याचे झरे हे त्याचे परिचित स्थान. सेंबिरिंग कुळातील काही शाखांची नावे चोलिया, पांडिया आणि ब्राह्मणा अशी असून त्यांतून दक्षिण भारताशी असलेला जुना संबंध सूचित होतो. याच कुळात पूर्वी मृतांच्या अस्थी छोट्या नौकांतून लाऊ बियांग नदीत सोडल्या जात. आज बहुसंख्य कारो ख्रिस्ती असून काही मुस्लिम आहेत. त्यामुळे जुने विधी सर्वत्र होत नाहीत. आप्तसंबंधांची चौकट मात्र धर्म बदलूनही टिकून आहे.

कायदा आणि रूढी यांची भेट

बालकाला द्यावयाच्या अतिरिक्त शिक्षांमध्ये २०१२ च्या कायद्याने ‘रूढीनुसार असलेल्या कर्तव्याची पूर्तता’ ही शिक्षा नमूद केली आहे. स्थानिक प्रथेनुसार दंड किंवा एखादी कृती, असा तिचा अर्थ होतो. मात्र त्यातून मुलाच्या प्रतिष्ठेला वा शारीरिक-मानसिक आरोग्याला बाधा येता कामा नये. २ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेनेही समाजात जिवंत असलेल्या रूढींना सशर्त मान्यता दिली आहे.

ही अट महत्त्वाची आहे. आप्तांच्या बैठकीमुळे मूल कोठडीपासून वाचू शकते, तसेच तेथे सर्वांसमोर लज्जितही होऊ शकते. ज्येष्ठांच्या शब्दाला वजन असलेल्या समाजात पीडिताचा होकार मनापासूनचा आहे की दबावाखालचा, हेही तपासावे लागते. गावातील समेट घडला तरी तो आपोआप कायदेशीर समझोता ठरत नाही. दिव्हर्सीतील करारावर न्यायालयाची मोहोर लागते. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यासही मनाई आहे. पण जिथे सारे एकमेकांचे नातलग, तिथे ही गोपनीयता राखणे हीच खरी कसोटी आहे.

भारताशी तुलना

भारतातील २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करण्यास बंदी घातली आहे. फरक गंभीर गुन्ह्यांबाबत आहे. अत्यंत गंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर, प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची मुभा भारतात आहे. इंडोनेशियात अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आरोपी बालकच मानला जातो.

कारो परंपरेने मुलाला परत आपल्यात घेण्याची रीत जपली आहे. त्याला कोणत्या अटींवर परत घ्यावे, हे कायदा सांगतो. यांपैकी एक बाजू ढळली, तरी त्याची किंमत मोजावी लागेल ती त्या मुलालाच.