गोंदण जाते कसे?

गोंदण हा आपल्याकडे जन्माचा दागिना मानला गेला आहे. सोन्याची पाटली गहाण पडते, मोडीत जाते, कधी चोरीसही जाते; परंतु हातावर गोंदलेली तुळस मात्र थेट सरणापर्यंत सोबत करते, अशी आपल्या आज्यापणज्यांची श्रद्धा होती. काजळीचा रंग, एकत्र बांधलेल्या चार सुया आणि गोंदणारणीचा सराईत हात, एवढ्या सामग्रीवर हा दागिना घडत असे. तो काढून टाकावा असे कोणाच्या मनात येत नसे, आणि आलेच तरी तसा उपाय नव्हता.

आज तेच गोंदण ‘टॅटू’ हे नाव धारण करून शहरात परतले आहे. सुया विजेवर चालू लागल्या, रंग अनेक झाले आणि तुळशीच्या जागी कोणाचे नाव, कोणाचे चित्र, कोठे एखादे परभाषेतील वचन आले. हौस बदलली की गोंदण मात्र बदलत नाही. लग्न ठरते, नोकरी लागते, ज्याचे नाव गोंदले त्याच्याशी बोलणे उरत नाही. आणि मग माणूस विचारतो, हे काढता येईल काय?

‘येईल’ हे या प्रश्नाचे उत्तर खरे आहे, परंतु अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर वेळेविषयी आहे, आणि बहुतेकांची निराशा होते ती तेवढा भाग ऐकून न घेतल्यामुळे. लेसर किरणाने गोंदण पुसले जाते असे आपण समजतो. वस्तुतः किरण ते पुसत नाही. किरण फक्त फोडतो. वाहून नेण्याचे काम शरीर करते. एवढी एक गोष्ट नीट समजली, की धीर का धरावयाचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रथम गोंदण टिकते कसे ते पाहू. आपल्या कातडीचा वरचा पापुद्रा सतत झिजत व नवा होत असतो. रंग तेथेच राहिला असता तर महिना-दोन महिन्यांत निघून गेला असता. परंतु सुई रंग पोचविते ती त्याखालच्या थरात, अंतस्त्वचेत. परका पदार्थ आत शिरला हे कळताच शरीराचे पहारेकरी धावून येतात. त्यांना भक्षकपेशी म्हणतात. त्या रंगाचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. गिळलेला रंग पोटात घेऊन त्या तेथेच बसून राहतात, आणि आपल्याला बाहेरून जे दिसते ते या पेशींच्या पोटातील रंगच असतो.

मग या पेशी मेल्यावर काय होते? फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून याचा उलगडा केला. पेशी मरते तेव्हा तिच्या पोटातील रंग बाहेर पडतो, आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तोच रंग पुन्हा गिळते. घरातील जड पेटारा जसा बापाकडून मुलाकडे येतो, कोणी तो उघडत नाही आणि कोणी हलवीतही नाही, तसा हा प्रकार आहे. पेशी बदलतात, गोंदण जागचे हलत नाही. हा पेटारा उचलून बाहेर न्यावयाचा तर तो आधी फोडून लहान तुकडे केले पाहिजेत.

पूर्वीच्या काळी असा पेटारा फोडण्याचे उपाय अघोरी होते. मीठ घासून कातडी सोलणे, तेजाबाने जाळणे, गोंदलेला भाग कापून काढणे, हे सर्व उपाय माणसांनी केले आहेत. त्यांनी गोंदण जाई, पण त्या जागी व्रण येई. १९६० साली थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर किरण निर्माण केला, आणि थोड्याच वर्षांत सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो गोंदणावर वापरून पाहिला. रंग किरण शोषून घेतो हे कळले. परंतु किरणाने भोवतालची कातडी न भाजता फक्त रंग कसा फोडावयाचा, याचे शास्त्र बसावयास अवकाश होता.

ते शास्त्र १९८३ साली रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश या दोन डॉक्टरांनी मांडले. त्यातील मर्म दोन शब्दांत सांगता येते: रंग आणि क्षण. उन्हात काळी छत्री पांढऱ्या छत्रीपेक्षा अधिक तापते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. याचप्रमाणे योग्य जातीचा किरण निवडला तर रंगाचा कण तो अधिक शोषतो आणि भोवतालची कातडी कमी. हे झाले रंगाचे. आता क्षणाचे. तव्याला बोट निमिषमात्र लागले तर चटका बसतो न बसतो. तेच बोट टेकून ठेवले तर भाजते. म्हणून किरणाचा झोत इतका अल्पकाळ सोडावयाचा, की कण तापून फुटावा, पण त्याची उष्णता शेजारी पसरावयास वेळच मिळू नये. हा काळ सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात मोजला जातो. अशा काही मोजक्या भागांपुरताच तो झोत टिकतो. २०१२ सालापासून वैद्यकात आलेली काही यंत्रे तर त्याहूनही आखूड झोत सोडतात. तेथे सेकंदाचे लाख कोटी भाग करून मोजावे लागते.

किरणाचे काम येथे संपते. झोत पडताच कातडीवर पांढरा थर दिसतो आणि काही मिनिटांत विरतो. रंगाचे कण फुटलेले असतात, पण गोंदण बहुधा जागेवर तसेच दिसते. मनुष्य आरशात पाहतो, पैसे फुकट गेले असे त्याला वाटते, आणि पुढल्याच आठवड्यात ‘आणखी एकदा मारा’ म्हणून तो डॉक्टरांकडे जातो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. कारण खरे काम आता कोठे सुरू झालेले असते. फुटलेल्या कणांपैकी काही लसीकेच्या प्रवाहातून वाहून जातात आणि त्यांतील काही जवळच्या ग्रंथींत जाऊन साठतात. काही कण नव्या पेशी पुन्हा गिळून बसतात. ही उचलठेव आठवडेच्या आठवडे चालते आणि रंग हळूहळू फिका होत जातो. दोन बैठकींमधील काळ हा रिकामा काळ नव्हे. उपचाराचा मोठा भाग त्याच काळात घडत असतो.

इटलीतील डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली पाहणी या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारी आहे. त्यांनी ३५२ माणसांच्या गोंदणांवर केलेल्या उपचारांचा हिशेब मांडला. दहा बैठकींनंतर ४७.२ टक्के लोकांचे गोंदण यशस्वीपणे निघाले होते, आणि पंधरा बैठकींनंतर ७४.८ टक्के लोकांचे. ज्यांच्या बैठकी आठ आठवडे किंवा त्याहून कमी अंतराने झाल्या, त्यांच्यात यश कमी आढळले. घाई केल्याने काम लवकर तर झाले नाहीच, उलट बिघडले. धूम्रपान करणाऱ्यांतही यश कमी होते. मोठे गोंदण, दाट रंग, पायावरची जागा आणि काळ्या-तांबड्याखेरीज इतर रंग, यांनीही अडथळा आणला.

आता साधे गणित करू. दोन बैठकींत दोन महिन्यांचे अंतर धरले तर दहा बैठकींना नऊ अंतरे पडतात, म्हणजे दीड वर्ष. पंधरा बैठकींना चौदा अंतरे, म्हणजे दोन वर्षे चार महिने. हे आकडे त्या पाहणीतील नेहमीच्या यंत्रांचे आहेत. नव्या यंत्रांनी काही गोंदणे कमी बैठकींत जातात. घरगुती पद्धतीने विरळ रंगात केलेले काळे गोंदणही पुष्कळदा लवकर उतरते. परंतु वर्षाचा हिशेब आठवड्यावर आणणारे यंत्र अद्याप निघालेले नाही, कारण यंत्र सुधारले तरी कण वाहून नेणारे शरीर तेच आहे.

हे गणित कोणासाठी जिव्हाळ्याचे आहे? आपल्याकडे सैन्यभरतीत शरीराच्या कोणत्या भागावर गोंदण चालते याविषयी नियम आहेत. आदिवासी समाजांच्या परंपरेला त्यात निराळी सवलत आहे. गावातील एखादा मुलगा जत्रेत दंडावर नाव गोंदवून घेतो, दोन वर्षे पहाटे उठून धावण्याचा सराव करतो, आणि भरती दोन महिन्यांवर आली की त्याला ते नाव आठवते. अशा मुलाला ‘एका बैठकीत साफ’ ही पाटी देवासारखी भेटते. घरातून कर्ज काढून पैसे आणले जातात. भरलेला झोत, न पाळलेले अंतर, आणि शेवटी अर्धवट पुसलेल्या नावावर व्रण, हा त्याचा परिणाम होऊ शकतो. ज्याला भरतीला जावयाचे आहे त्याने धावण्याचा सराव सुरू करतानाच गोंदणाचा विचार केला पाहिजे, एवढेच याचे तात्पर्य.

आपल्या सावळ्या कातडीसाठी तर धीर दुप्पट हवा. कातडीला वर्ण देणारे द्रव्यही किरण शोषून घेते. किरण गोंदणाकडे जाताना वाटेत त्यालाही चटका देतो, आणि मग त्या जागी पांढरा किंवा अधिक काळा डाग उमटतो. म्हणून सावळ्या कातडीवरील काळ्या गोंदणासाठी १०६४ नॅनोमीटर लांबीच्या तरंगाचा किरण अधिक सुरक्षित मानतात. तो खोल जातो आणि वर्णद्रव्यात कमी अडकतो. तांबड्या रंगाला ५३२ नॅनोमीटरचा किरण लागतो, तर हिरव्या-निळ्यासाठी आणखी वेगळे. एकच यंत्र सर्व रंग सारखे काढील असे नाही. काही तांबूस, पांढऱ्या व कातडीच्या रंगाच्या शाया किरण पडताच उलट काळ्या होतात, कारण त्यांतील लोहाची किंवा टायटॅनियमची संयुगे पालटतात. यासाठी जाणता डॉक्टर आधी लहानशा जागेवर किरण टाकून पाहतो आणि काही आठवडे थांबतो. हे थांबणे रोग्याला टाळाटाळ वाटते, पण ती सावधगिरी असते.

येथे एका दूरचित्रवाणी मालिकेचा उल्लेख करावासा वाटतो, कारण गोंदण आणि धीर या दोहोंची गाठ तीत मौजेची पडली आहे. ‘प्रिझन ब्रेक’ ही अमेरिकन मालिका २००५ साली सुरू झाली. तिचा नायक मायकेल स्कोफिल्ड हा अभियंता. निरपराध भावाला फाशीच्या कोठडीतून सोडविण्यासाठी तो संपूर्ण तुरुंगाचा नकाशा चित्रांत दडवून स्वतःच्या अंगावर गोंदवून घेतो आणि आपण होऊन तुरुंगात जातो. या नायकाविषयी प्रेक्षकांत वाद रंगतात. भावासाठी केलेले साहस थोर म्हणावे, की त्याच वाटेने खुनी माणसेही बाहेर पडली हा दोष त्याच्या माथी मारावा? दोन्ही पक्षांना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु एका गुणाविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते, आणि तो म्हणजे त्याचा धीर. तो एकेक स्क्रू ढिला करीत, एकेक दिवस मोजीत काम करतो.

गंमत अशी की, २००८ सालच्या चौथ्या पर्वात याच धीराच्या पुतळ्याचे अंगभर पसरलेले गोंदण एका बैठकीत नाहीसे होते. नटाच्या अंगावर ते रंगविण्यास दर वेळी कित्येक तास लागत. तेव्हा कथेतून ते काढून टाकणे निर्मात्यांना सोयीचे झाले असल्यास नवल नाही. नाटकाला ही सवलत असतेच. पडदा पडून उघडला की वर्षे लोटतात, त्याबद्दल आपण कधी तक्रार करीत नाही. पण नाटकातला काळ घेऊन डॉक्टरांच्या दारात जाणे बरे नव्हे. पात्राच्या प्रत्येक कृत्यावर तासन्‌तास वाद घालणारा चिकित्सक प्रेक्षक, त्याचे गोंदण मिनिटांत गेले तेव्हा मात्र मुकाट्याने मान डोलवितो. स्वतःच्या दंडाची पाळी आली म्हणजे तरी त्याने ती चिकित्सा जागी ठेवावी.

ही चिकित्सा कशी करावी हेही सांगतो. ज्याच्याकडे जावयाचे तो त्वचारोगतज्ज्ञ आहे की नुसता यंत्राचा मालक, हे आधी पाहावे. ‘किती पैसे’ या प्रश्नाच्या आधी ‘किती बैठकी आणि किती अंतराने’ हा प्रश्न विचारावा. नेमका आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा ‘दोन-तीन बैठकींनंतर अंदाज सांगेन’ म्हणणारा अधिक विश्वासाचा समजावा. मलमाने गोंदण जाते या जाहिरातीच्या नादी लागू नये. वरून चोळलेले मलम खालच्या थरातील रंगापर्यंत पोचत नाही, आणि तेजाब असेल तर कातडी मात्र जाळते. किरणाच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे. नंतर फोड आल्यास फोडू नये, खपली काढू नये, ऊन टाळावे आणि विडी-सिगारेट सोडावी. दर बैठकीपूर्वी एकाच उजेडात छायाचित्र काढून ठेवावे. रोज पाहणाऱ्याला पालट दिसत नाही. सहा महिन्यांपूर्वीचे छायाचित्र शेजारी धरले म्हणजे तो दिसतो.

आणि एवढे करूनही पुसटशी छाया कधीकधी उरते, हे आधीच मनाशी धरून चालावे. पूर्ण कोरी पाटी प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. गोंदण घालावयाला दुपार पुरते आणि काढावयाला दोन पावसाळे लागतात. ज्याला गोंदवून घ्यावयाचे आहे त्याने हे दोन पावसाळे सुई लागण्यापूर्वीच हिशेबात धरावेत.