घरगुती संगणकाची कार्यप्रणाली बदलावी का? : मराठी मजकुराच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक :

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही प्रणाली दहा वर्षांहून अधिक काळ घरोघरच्या संगणकांवर काम करीत होती. आधार थांबला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. दुसऱ्या दिवशीही तो पूर्वीसारखाच सुरू होतो, पत्रे छापतो, गाणी वाजवतो. प्रश्न अवघड होतो तो नेमका यामुळेच. चालत्या यंत्राला हात कशाला लावावा, असे घरातील एका पिढीला वाटते. नवे आले की घेतलेच पाहिजे, असे दुसरीला वाटते. संगणकात साठवलेल्या मजकुराचे पुढे काय होणार, हा विचार दोन्ही भूमिकांत मागे पडतो. मराठी घरांच्या बाबतीत तर तो अधिक निकडीचा आहे. प्रस्तुत लेखात या निर्णयाच्या तांत्रिक बाजूंबरोबरच त्या मजकुराचा विचार केला आहे.

आधार थांबणे म्हणजे काय?

कार्यप्रणाली ही कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते आणि तीत सुरक्षेच्या दृष्टीने उणिवा सापडतच राहतात. कंपनी दर महिन्याला दुरुस्त्या पाठवते. आधार थांबला की दुरुस्त्या थांबतात. उणिवा मात्र सापडायच्या थांबत नाहीत. शिवाय नव्या आवृत्तीसाठी आलेली दुरुस्ती जुन्या आवृत्तीतील तशाच उणिवेकडे बोट दाखवते, कारण दोहोंचा बराचसा पाया समान असतो.

१२ मे २०१७ रोजी पसरलेले ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर विषाणूप्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. ज्या उणिवेतून हा विषाणू शिरला, तिची दुरुस्ती त्याच वर्षी १४ मार्चला उपलब्ध झाली होती. ती बसवलेल्या संगणकांत त्या उणिवेची वाट बंद झाली होती. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता; तिच्यासाठी कंपनीने हल्ल्यानंतर अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. अपवादाच्या भरवशावर कोणी बँकेचे व्यवहार करू नयेत.

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा-मुदतवाढ जाहीर झाली. ती निर्णयाला पर्याय नव्हे, निर्णयासाठी मिळालेला अवधी होय. कार्यप्रणालीमागोमाग इतर आज्ञावलीही पाठ फिरवतात, हेही विसरता येत नाही. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि फेब्रुवारी २०२३ पासून क्रोम या न्याहाळकाच्या नव्या आवृत्त्या तिच्यावर चालेनाशा झाल्या.

यंत्राची पात्रता :

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण एवढी अपेक्षा कागदोपत्री आहे. ती बहुतेक यंत्रे पूर्ण करतात. खरी अडचण प्रोसेसर आणि टीपीएम २.० यांची आहे. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारा छोटा विभाग; तो स्वतंत्र चिपच्या रूपात असतो किंवा प्रोसेसरमध्येच सामावलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेल्या कित्येक यंत्रांत ही सोय असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेली आढळते. ‘अपात्र’ असा संदेश पाहून नवा संगणक घेण्यापूर्वी एवढे तपासणे गरजेचे आहे. प्रोसेसरला मात्र उपाय नाही. इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य आहेत. म्हणजे आय-५ ८४०० चालतो, आय-५ ७४०० चालत नाही. अटींना बगल देऊन प्रणाली बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत; परंतु अशा यंत्रांना पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या हेतूने बदल करायचा, त्याचाच त्यात पराभव होतो.

यंत्र पात्र असले तरी त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी ती बदलून एसएसडी बसवावी आणि स्मृती ८ जीबी करावी. संगणक मंद झाल्याची तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच मिटते.

जुन्या मराठी मजकुराचा प्रश्न :

युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ हा वर्ण कोणत्याही फाँटमध्ये आणि कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. विंडोज २००० पासून ही सोय कार्यप्रणालीत आली. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे घरी, मुद्रणालयात आणि टंकलेखन केंद्रात मराठी मजकूर जुन्या फाँटमध्येच लिहिला जात होता. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेव फाँटमध्ये ‘कमल’ हा शब्द टंकित केला, तर संगणकाच्या लेखी तेथे डी, ई आणि वाय ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. फाँट आहे तोवर डोळ्यांना ‘कमल’ दिसते. फाँट गेला की निरर्थक इंग्रजी अक्षरे उरतात. आजोबांचे आत्मकथन, आईचा एम. फिल.चा प्रबंध, गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची अशा कितीतरी गोष्टी याच रूपात साठवलेल्या असतात.

फाँटची फाईल जपून ठेवली असेल, तर ती सहसा विंडोज ११ मध्येही बसवता येते. अडते ते टंकलेखनाच्या आज्ञावलीपाशी. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात आहे. त्यामुळे १६ बिटच्या जुन्या आज्ञावली तिच्यात चालत नाहीत आणि ३२ बिट ड्रायव्हरही चालत नाहीत. काही मराठी संचांसोबत संगणकाच्या मागील बाजूस लावायचे कुलूप येत असे. त्याला ६४ बिट ड्रायव्हर नसेल, तर पैसे मोजून घेतलेला संच निरुपयोगी ठरतो. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती वापरणाऱ्या घरांत हा धक्का अधिक संभवतो, कारण तोपर्यंत सारे सुरळीत चाललेले असते.

यावर उपाय मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच आहे. तशी साधने उपलब्ध आहेत. मात्र प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी असल्याने नेमक्या त्याच फाँटचे साधन लागते. शिवाय जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी साठवला जातो, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे याच्या उलट आहे. अशा ठिकाणी चुका राहतात. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली साधने ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्ध्या ‘र’पाशी अडखळतात. म्हणून रूपांतरित मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून वाचणे भाग आहे. हे काम कंटाळवाणे आहे. पण ते जुने यंत्र चालू असतानाच करता येते. त्याच यंत्रावर फाँट अंतर्भूत करून प्रत्येक लेखनाची पीडीएफ प्रतही काढावी. तिच्यात शब्द शोधता येणार नाही, परंतु मूळ रूप टिकेल.

मंगल फाँटमधील लेखनाला हा धोका नाही, कारण ते युनिकोडच आहे. नव्या यंत्रावर मंगल आपोआप बसलेला नसेल, तर तेच लेखन दुसऱ्या वळणाच्या अक्षरांत दिसते, इतकेच.

निर्णयाची दिशा :

कोणताही मार्ग घेतला तरी आधी सर्व मजकुराची प्रत बाहेरील डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून वेगळी करावी. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका अद्ययावतीकरणाने काही वापरकर्त्यांच्या फाईलीच पुसल्या आणि कंपनीला त्याचे वितरण थांबवावे लागले होते. विंडोज ११ पसंत न पडल्यास मागे फिरण्याची सोय सामान्यतः दहा दिवसच मिळते. ती प्रतीची जागा घेऊ शकत नाही.

यंत्र पात्र आहे आणि जुन्या आज्ञावलींचे बंधन नाही, अशा घराने बदल लांबवण्यात अर्थ नाही. यंत्र अपात्र असून त्याचा वापर महाजाल, पत्रव्यवहार आणि मुलांच्या अभ्यासापुरताच असेल, तर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही प्रणाली विचारात घ्यावी. युनिकोड मराठी तिथे उत्तम चालते. विंडोजसाठीच्या हिशेबाच्या आज्ञावली मात्र थेट चालत नाहीत. यांपैकी मिंट आणि उबुंटू पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येतात; डिस्कवरील मजकुराला धक्का न लावता प्रिंटर, ध्वनी आणि वाय-फाय यांची चाचणी होते.

ज्या घरात जुन्या फाँटचे काम अद्याप शिल्लक आहे, तिथे ते यंत्र महाजालापासून तोडून केवळ लेखनासाठी ठेवणे आणि आर्थिक व्यवहार अन्य यंत्रावर करणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो. आणि रूपांतराचे काम त्या फाईली टंकित करणारी व्यक्ती हाताशी असतानाच सुरू करावे. कोणता फाँट, संचाची कोणती आवृत्ती, कोणते लेखन कोणत्या फोल्डरमध्ये, ही माहिती बहुधा तिच्याच स्मरणात असते. ती विचारून कागदावर उतरवून घ्यावी आणि त्या बाहेरील डिस्कसोबत ठेवावी.