जगाच्या यादीत आपण बारीक, मग आपल्या घरात शुगर का?



कोणत्या देशात किती लोक लठ्ठ आहेत, याच्या याद्या अधूनमधून वर्तमानपत्रात छापून येतात. २०२२ सालचे आकडे बघा. टोंगा, नाउरू, अमेरिकन सामोआ या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांवर १०० प्रौढ माणसांपैकी ६० हून जास्त लठ्ठ आहेत. अमेरिकेत ४० हून जास्त. जपानमध्ये ५ च्या आसपास आणि व्हिएतनाममध्ये त्याहूनही कमी. भारतात १०० बायकांपैकी साधारण १० आणि १०० पुरुषांपैकी ५ लठ्ठ धरले आहेत.

अशी यादी वाचली की आपल्याला बरे वाटते. लठ्ठपणा हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा आजार, आपल्या वाडीचा नाही, असे वाटते. पण मग काशीद-मुरूडकडच्या आपल्या वस्त्यांत शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या घेणारी माणसे एवढी कशी? त्यातली कितीतरी अंगाने बारीक असतात. याचे उत्तर हवे असेल तर आधी ही यादी कशी बनते ते समजून घेतले पाहिजे.

मोजपट्टी कोणाच्या अंगाची?

यादी बनवताना प्रत्येकाचे वजन आणि उंची घेतात. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरने दोनदा भागतात. जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. जगाच्या हिशेबात हा आकडा २५ च्या वर गेला की वजन जास्त आणि ३० च्या वर गेला की लठ्ठ.

आता आपल्याकडची १५० सेंटीमीटर म्हणजे पाच फुटांच्या जरा आत उंचीची बाई घ्या. जगाच्या हिशेबाने ती साडेसदुसष्ट किलोची झाल्याशिवाय लठ्ठ ठरत नाही. पण आपल्या शरीरात कमी वजनावरच शुगर, बीपी आणि हृदयाचे विकार सुरू होतात, हे भारतातल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. म्हणून २००९ साली त्यांनी भारतीयांसाठी रेघ खाली आणली. २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठ. या हिशेबाने तीच बाई ५६ किलोच्या पुढे गेली की लठ्ठ धरायची. मधल्या ११ किलोंत आपल्या किती बायका बसतात ते तुम्हीच आठवून बघा. जगाच्या यादीत त्यांची नोंदच होत नाही.

बारीक अंग, आत चरबी

ही गोष्ट जगाला पुण्याने शिकवली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१ टक्के निघाली. दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. वजनकाटा एकच आकडा दाखवतो, पण आतले शरीर वेगळे असते, हे त्यातून जगभरच्या डॉक्टरांना कळले.

असे का होते? त्याचे एक मोठे कारण आईच्या पोटात आहे. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या शेतात राबणाऱ्या बायका होत्या. गरोदर राहण्याआधी त्यांचे सरासरी वजन फक्त ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे हाडाने लहान, स्नायूने कमी, पण चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. पोटात असताना अन्न कमी मिळाले की शरीर स्नायू बांधण्यात काटकसर करते आणि चरबी साठवायला शिकते. पुढे मोठेपणी त्याच शरीराला गोड, तेलकट आणि मैद्याचे मिळाले की चरबी पोटाभोवती जमते आणि शुगर लवकर येते.

म्हणजे आपल्या आयाआज्यांची उपासमार आणि आजचा पोटाचा घेर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पोटभर मिळाले नाही, त्याच्या अंगाला हा धोका जास्त आहे. त्यामुळे कोणी आपल्या पोटाकडे बघून हसले तर शरमेने मान खाली घालायचे काही कारण नाही. पण दुर्लक्षही करायचे नाही.

नाउरूचे लोक लठ्ठ का झाले?

यादीत सगळ्यात वर असलेली बेटे आपल्यासारखीच समुद्रावर जगणारी. नाउरूचे लोक मासे, नारळ आणि बेटावर पिकेल ते खात. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जमिनीत खतासाठी लागणारे फॉस्फेट सापडले आणि परदेशी कंपन्यांनी खोदकाम सुरू केले. बेटाचा बहुतेक भाग पोखरून निघाला. पिकवायला जमीन राहिली नाही. पांढरा तांदूळ, साखर, डब्यातले मांस हे सारे जहाजाने येऊ लागले. लोकांची जीभ एकाएकी बिघडली नव्हती. त्यांच्या हातातून जमीन गेली आणि ताटात दुकान आले.

इजिप्तचेही बघा. तिथले सरकार बरीच वर्षे स्वस्त दरात रोटी, साखर आणि तेल देत आले आहे. त्याने भूक भागली, पण डाळ, भाजी, फळ, मांस महागच राहिले. आज तिथेही १०० प्रौढांपैकी ४० हून जास्त लठ्ठ आहेत आणि त्यात बायका जास्त. आपल्या रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, ते हक्काचे आहे आणि सोडायचे नाही. पण नुसत्या भात-चपातीने पोट भरते, अंग भरत नाही. म्हणून रेशनवर डाळही मिळावी अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे.

अमेरिका तर श्रीमंत देश. तिथे सगळ्यात जास्त लठ्ठपणा कोणात? कृष्णवर्णीय स्त्रियांत. त्यांच्यात १०० पैकी निम्म्याहून जास्त लठ्ठ आहेत. गरीब देशात लठ्ठपणा आधी पैसेवाल्यांकडे येतो. देशात पैसा वाढला, पाकिटातले खाणे स्वस्त झाले, की तो हळूहळू गरिबांच्या वस्तीत मुक्कामाला येतो. पैसेवाला भाजी, फळे आणि व्यायामाला वेळ विकत घेतो. आपल्याला ते जमत नाही.

आपल्या किनाऱ्यावर काय चालले आहे?

काशीदचा किनारा अलिबाग-मुरूड रस्त्यालगत आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. वडापाव, भजी, नूडल्स, थंड बाटल्या यांचे स्टॉल, लॉज, खोल्या. त्यावर अनेकांचे घर चालते आणि रोजगार हवाच. पण पाहुण्यांसाठी आलेले खाणे आपल्या पोरांच्या हातातही आले. दहा रुपयांचे पाकीट दुकानाच्या दारात लोंबते आणि त्याच दुकानात मेथीची जुडी नसते. चांगली मासळी हॉटेलात जाते आणि घरात पोळीला चहा. थंड पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत पाच चमच्यांहून जास्त साखर असते. दिवसभराची मर्यादाच साधारण सहा चमचे आहे. बिस्किटे, फरसाण, चिवडा यांत बहुतेक स्वस्त पामतेल असते.

देशाचे आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली १०० पैकी साधारण २१ बायकांचे वजन जास्त होते, २०१९-२१ मध्ये २४ झाले. त्याच पाहणीत १०० पैकी ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. एकाच घरात पोट सुटलेली आई आणि अंग न धरणारे लेकरू दिसते, ते याच कारणाने. दोघांच्याही ताटात धान्य आहे. डाळ, भाजी, अंडे, मासळी नाही.

घरात काय करता येईल?

१) सुतळीने मोजा. वजनकाटा नको, फिता नको. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या आणि ती मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी बेंबीच्या जरा वर पोटाभोवती सहज फिरली पाहिजे. टोके जुळत नसतील तर पोटावर चरबी जास्त आहे असे समजा. फिता असेल तर बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटीमीटर ही मर्यादा. गरोदर बायकांना हे मोजमाप लागू नाही.

२) तिशी उलटलेल्या प्रत्येकाने शुगर आणि बीपी तपासून घ्या. उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी फुकट होते. आशाताई फॉर्म भरून घेते. ‘मी बारीक आहे, मला काय होणार’ असे म्हणू नका. गोळ्या चालू असतील तर पोट कमी झाले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

३) आपले जुने खाणे परत आणा. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वालाचे बिरडे, पावसाळ्यात टाकळा, शेवग्याचा पाला. सुकट, जवळा, बोंबील यांत प्रथिनेही आहेत आणि बी-१२ ही. सुकी मासळी खारट असते, म्हणून दोन पाण्यांतून धुऊन घ्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका. भात अर्धा करा आणि ती जागा डाळीने, भाजीने भरा.

४) गरोदर सुनेचे ताट आधी वाढा. पुण्याच्या त्याच अभ्यासात ज्या बायकांनी पालेभाज्या, फळे, दूध जास्त वेळा खाल्ले त्यांची बाळे चांगल्या वजनाची झाली. आईच्या अंगात बी-१२ कमी असेल तर पुढे मुलांच्या शरीरात बिघाडाची शक्यता वाढते हेही तिथे दिसले. बाळ मोठे होईल, बाळंतपण अडेल म्हणून सासू सुनेला कमी जेवायला सांगते. ही रीत आता बंद व्हायला हवी. सगळ्यांचे उरलेले सुनेने खायचे, हीसुद्धा.

५) पोरांना पाकिटाऐवजी अंडे, शेंगदाणे, चणे, केळे द्या. एक थंड बाटली टाळली तर त्याच पैशांत दोन-तीन अंडी येतात.

तथागतांनी कोसलच्या प्रसेनजित राजाला मोजून जेवायला सांगितले आणि राजाने हळूहळू भात कमी केला, ही कथा आपण विहारात ऐकतो. ती खरीच शिकण्यासारखी आहे. पण राजा मनाला येईल ते मागवू शकत होता. आपल्या ताटात काय पडेल ते मजुरी, रेशन आणि कोपऱ्यावरचे दुकान ठरवते. म्हणून घरात मात्रा सांभाळायची आणि बाहेर एकत्र येऊन बोलायचे.

जपानमध्ये १९५४ पासून शाळेत पोषक जेवण देण्याचा कायदा आहे. २००८ पासून चाळिशीनंतर दरवर्षी कंबर मोजतात. मेक्सिकोने २०१४ साली गोड पेयांवर कर बसवला. चिलीने २०१६ साली साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा शिक्का सक्तीचा केला. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर ताट बदलते. आपणही ग्रामसभेत विचारू शकतो: शाळेच्या खिचडीत डाळ-भाजी किती पडते? शाळेच्या दारात पाकिटे का विकली जातात? अंगणवाडीतला आहार गरोदर बाईच्या हातात खरोखर पोचतो का?

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक सुतळीचा गुंडा आणि एक वही ठेवा. प्रत्येकाचे नाव, उंची, पोटाचा घेर लिहून घ्या आणि ज्यांची सुतळी जुळली नाही त्यांची यादी आशाताईकडे द्या. जगाच्या यादीत आपली नोंद होवो न होवो, वस्तीच्या वहीत तरी ती झाली पाहिजे.